भाडे उतरले, फरक कोणाच्या पदरी?

सौदा ठरला, इसार दिला आणि चार दिवसांनी भाव उतरला, तर तो फरक कोणी सोसायचा? आपल्याकडे बैलबाजारात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. ज्याने घेतले त्याने सोसायचे. भाव चढला असता तर विकणारा काही जादा मागायला आला नसता. तेव्हा उतरला म्हणून घेणाऱ्यानेही कुरकुर करू नये, असा हा रोखठोक न्याय आहे.

समुद्रावरचा न्याय मात्र थोडा निराळा आहे. आज जगभर लाखो लोक केवळ हौसेखातर आगबोटीची सफर करतात. या बोटींना क्रूझ म्हणतात. अलीकडे मुंबई बंदरातूनही अशा बोटी सुटतात. सफरीची जागा पुष्कळदा सहा महिने, वर्षभर आधी राखून ठेवावी लागते. प्रथम इसार भरायचा आणि उरलेली रक्कम बोट सुटण्यापूर्वी साधारण अडीच-तीन महिने, ठरलेल्या तारखेला चुकती करायची. आता मधल्या काळात कंपनीने त्याच बोटीचे, त्याच वर्गाच्या खोलीचे भाडे उतरवले, तर काय होते? अमेरिकेतल्या पुष्कळ कंपन्या अशा वेळी जुन्या उतारूलाही नवे, उतरलेले भाडे लावून देतात. त्याला अटी आहेत. एक, उतारूने स्वतः मागितले पाहिजे. कंपनी घरी निरोप धाडीत नाही. दुसरी, रक्कम चुकती करण्याची तारीख उलटलेली नसावी. ती उलटली की रोख पैसा सहसा परत मिळत नाही. मिळालाच तर बोटीवरच खर्च करता येईल असा जमेचा आकडा मिळतो, नाही तर जरा बरी खोली मिळते.

ऐकणाऱ्याला वाटेल, काय ही उदार मंडळी! एवढ्या लांबच्या श्रीमंती सफरीच्या नियमांशी आपला संबंध तरी काय? पण हा भाड्यातला फरक, तो कोणाला द्यायचा, केव्हा द्यायचा आणि कोणत्या अटीवर द्यायचा, यावर समुद्रात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या लढाया झाल्या आहेत. त्यांत तोफा नव्हत्या. पण त्या लढायांत आपल्या देशाची जहाजे बुडाली, माणसे देशोधडीला लागली आणि एक वकील तुरुंगात तेलाच्या घाण्याला जुंपला गेला. आज सांगायची आहे ती ही हकीकत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की बोटीचे भाडे इतके वरखाली का होते. आठवडे बाजारात मेथीची जुडी सकाळी एका भावाने जाते आणि दिवस कलला की निम्म्याने. भाजीवाली बाई मूर्ख नसते. रात्री ती जुडी घरी नेऊन तिला काही मिळायचे नसते, म्हणून ती मिळेल तो पैसा घेते. बोटीचेही तसेच आहे. बोट धक्क्यावरून सुटली की तिच्यातली रिकामी जागा कायमची फुकट गेली. ती जागा उद्यासाठी कणगीत भरून ठेवता येत नाही. शिवाय बोट भरलेली असो की अर्धी रिकामी, इंधन जवळपास तेवढेच जळते, खलाशांचा पगार तेवढाच द्यावा लागतो आणि बंदराची पट्टीही चुकत नाही. म्हणून सुटण्याच्या वेळी जागा उरली असेल तर आणखी एका उतारूकडून, आणखी एका गासडीसाठी जे येईल ते कंपनीला नफ्यासारखेच वाटते. हे दुखणे शिडाच्या गलबतांनाही होते, पण वाफेच्या बोटींना ते जास्त झाले, कारण त्यांना वेळापत्रक पाळावे लागे. माल मिळेपर्यंत गलबत बंदरात पडून राहू शके; ठरल्या वारी सुटणाऱ्या आगबोटीला ती चैन नव्हती.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. विलायतेहून मुंबईला, कलकत्त्याला यायचे अंतर कमी झाले आणि वाफेच्या बोटींची गर्दी उसळली. माल तेवढाच आणि बोटी पुष्कळ, मग भाडी कोसळणारच. तेव्हा १८७५ साली विलायत ते कलकत्ता या मार्गावरच्या कंपन्या एकत्र बसल्या आणि सर्वांनी एकच भाडे घ्यायचे असे त्यांनी ठरवले. अशा जुटीला त्या धंद्यात ‘कॉन्फरन्स’ म्हणत. नाव सभ्य आहे. आपल्याकडे चार अडते मिळून भाव बांधतात, तोच हा प्रकार, फक्त मोठ्या प्रमाणावर.

पण जुटीतल्या कंपन्यांनी आपसांत भाडे बांधले तरी बाहेरची एखादी बोट कमी भाड्याने माल उचलू शकतेच. व्यापाऱ्याला तिच्याकडे जाण्यापासून अडवायचे कसे? जबरदस्ती करता येत नाही. म्हणून १८७७ साली या कलकत्ता मार्गावर एक युक्ती निघाली. तिला आपण ‘मागाहून मिळणारी सूट’ म्हणू. ती अशी.

समजा, एका व्यापाऱ्याने जानेवारी ते जून या सहा महिन्यांत जुटीच्या बोटींनी माल धाडला आणि एक हजार रुपये भाडे भरले. कंपनी म्हणते, यावर शेकडा दहा सूट, म्हणजे तुमचे शंभर रुपये आमच्याकडे जमा. पण ते आज मिळणार नाहीत. पुढचे सहा महिने, जुलै ते डिसेंबर, तुम्ही एकही गासडी बाहेरच्या बोटीने धाडली नाही, तर मग ते शंभर रुपये देऊ. व्यापारी कबूल होतो. जुलै ते डिसेंबर तो पुन्हा हजाराचा माल धाडतो. डिसेंबर येतो तेव्हा त्याचे जुने शंभर आणि नवे शंभर असे दोनशे रुपये कंपनीकडे अडकलेले असतात. अशा वेळी बाहेरची बोट कमी भाडे सांगत आली आणि हा मोहाने एक खेप तिच्यावर चढवून बसला, तर ते दोनशेही बुडाले. आणि नाही चढवली, तर जुने शंभर हाती येतात, पण नव्या शंभरासाठी पुन्हा सहा महिने इमान राखावे लागते. म्हणजे हा हिशेब कधी संपतच नाही. शिक्षक बंधू-भगिनींनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. व्याजाच्या गणितांत पोरांना जी मजा येत नाही ती यात येईल.

यातली मेख ध्यानात घ्या. सूट व्यापाऱ्याची, पैसा व्यापाऱ्याचा, पण तो राहतो कंपनीच्या पेटीत. आणि त्याच पैशाच्या धाकाने कंपनी व्यापाऱ्याला आपल्या दावणीला बांधून ठेवते. सावकार कर्ज देऊन माणूस बांधतो, असे आपण ऐकले होते. येथे धनको व्यापारी आहे आणि तरी बांधला जातो तोच. मला तर या युक्तीची अक्कल ज्याने लढवली त्याचे कौतुकही वाटते आणि चीडही येते. १९०६ साली विलायतेत या जुटींची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला गेला. त्याने १९०९ साली आपला अहवाल दिला. बहुमताचे म्हणणे पडले की नियमित बोटी चालायच्या तर ही पद्धत बहुतेक मार्गांवर चालू द्यावी. अल्पमताने वेगळा अहवाल जोडून तिच्यातले धोके दाखवले. चालत राहिली ती बहुमताची गोष्ट.

आता मुंबईकडे येऊ. १८९० च्या सुमारास मुंबईहून चीन-जपानला सूत आणि कापूस जाई तो पी. अँड ओ. ही इंग्रज कंपनी आणि तिच्या जुटीतल्या ऑस्ट्रियन व इटालियन कंपन्या यांच्या बोटींतून. भाडे होते टनाला एकोणीस रुपये. जमशेटजी टाटांच्या गिरण्यांचे सूत तिकडे जात असल्याने त्यांना हे भाडे टोचे. १८९३ साली ते जपानला गेले आणि तिथल्या निप्पॉन युसेन काइशा या कंपनीशी त्यांनी करार केला. दोघांनी मिळून बोटी चालवायच्या. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला जपानी कंपनीची हिरोशिमा मारू ही बोट कोबे बंदरातून मुंबईस निघाली. टाटांनीही विलायतेहून ‘ॲनी बॅरो’ आणि ‘लिंडिसफार्न’ या बोटी भाड्याने आणल्या. टाटा लाइनचे भाडे ठरले टनाला बारा रुपये.

पी. अँड ओ. ने काय करावे? तिने भाडे उतरवले. बारा केले नाही, दहा केले नाही. थेट दीड रुपयावर आणले. टनाला दीड रुपया! हे भाडे नव्हे, ही खिरापत झाली. शिवाय, जो व्यापारी आपला टाटांच्या वा जपान्यांच्या बोटींशी संबंध नाही असे लिहून देईल त्याला खास सूट. ज्या व्यापाऱ्यांनी टाटांना पाठिंबा देऊ असे म्हटले होते, त्यांतले पुष्कळ जण दीड रुपयाकडे वळले. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण ज्याच्या गासड्या धक्क्यावर पडल्या आहेत त्याने बाराचा आकडा आणि दीडाचा आकडा शेजारी शेजारी पाहिला की काय होते, हे व्यापारी नसलेल्यालाही कळते. टाटांनी या भाड्याच्या लढाईवर पत्रक छापून सरकारकडे गाऱ्हाणे मांडले. त्याचा उपयोग झाला नाही. दर महिन्याला बोटींचे भाडे भरून तोटा अंगावर येऊ लागला आणि टाटा लाइन बंद करावी लागली. लाइन बंद झाली आणि दीड रुपयाचे भाडेही संपले. ते टिकवण्यासाठी लावलेच नव्हते.

याच लढाईची दुसरी बाजू जपानात घडली. तिथल्या सूतगिरण्यांच्या संघाने आपला कापूस जपानी कंपनीच्याच बोटीने आणायचे वचन दिले होते. पी. अँड ओ. चा दीड रुपया त्यांनाही दिसत होता. तरी त्या गिरण्यांनी जास्त भाडे भरून वचन पाळले. अखेर १८९६ साली पी. अँड ओ. ला जपानी कंपनीला जुटीत बरोबरीची जागा द्यावी लागली. जपानी गिरणीवाले काही आपल्या व्यापाऱ्यांपेक्षा पुण्यवान होते असे नाही. पण त्यांचा संघ होता, त्यांचे सरकार त्यांच्या पाठीशी होते, आणि कमी भाड्याचा मोह एकेकट्याने आवरण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. आपल्या व्यापाऱ्याला ती लढाई एकट्याने लढायची होती.

आतापर्यंत मालाची गोष्ट झाली. माणसांच्या भाड्याचीही तीच गत होई. १९०४ साली युरोप ते अमेरिका या मार्गावर इंग्रज आणि जर्मन कंपन्यांत अशी जुंपली की बोटीच्या तळच्या वर्गाचे भाडे दोन पौंडांपर्यंत खाली आले. तेव्हाच्या हिशेबाने तीस रुपये. या वर्गाने जाणारे बहुतेक गरीब शेतकरी आणि मजूर. त्यांतल्या पुष्कळांचे तिकीट आधी अमेरिकेत गेलेल्या भावाने, बापाने किंवा मुलाने तिकडे पैसे भरून धाडलेले असे. पैसे भरल्यापासून माणूस बोटीत चढेपर्यंत आठवडे जात, कधी महिने जात. आजच्या क्रूझच्या उतारूची जी चिंता तीच या लोकांची. फक्त त्यांना हौसेची सफर नव्हे तर पोटासाठी देश सोडायचा होता. त्याच वर्षाअखेर कंपन्यांनी आपसांत मिटवले आणि भाडी पुन्हा वर गेली.

आता आपण देशाच्या दक्षिण टोकाला जाऊ. तमिळ मुलखात तुतिकोरिन नावाचे बंदर आहे. तेथून लंकेतल्या कोलंबोला माणसांची आणि मालाची सतत ये-जा असे. या वाहतुकीवर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा ताबा होता. तुतिकोरिनला व. उ. चिदंबरम पिळ्ळै नावाचे वकील होते. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे देशभर वाहू लागले तेव्हा त्यांनी ठरवले की स्वदेशी कापडाबरोबर स्वदेशी बोटही पाहिजे. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली. भांडवल दहा लाखांचे, चाळीस हजार भागांचे, भाग पंचवीस रुपयांचा. पंचवीस रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, पण लहान दुकानदाराला हिय्या करून काढता येईल इतकी होती.

आरंभी कंपनीकडे स्वतःची बोट नव्हती. भाड्याने घेतलेल्या बोटी इंग्रज कंपनीच्या दडपणाने काढून घेण्यात आल्या. तेव्हा चिदंबरम उत्तरेकडे निघाले आणि मुंबईस आले. जाताना त्यांनी प्रतिज्ञा केली होती की परत येईन तर बोट घेऊन, नाही तर तिकडेच समुद्रात जीव देईन. ते बोट घेऊनच आले. ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ या दोन बोटी तुतिकोरिनच्या बंदरात लागल्या. गॅलियात वरच्या दोन वर्गांखेरीज तेराशे साधे उतारू आणि चार हजार पोती माल मावे.

त्याच सुमारास आपल्या कोकण किनाऱ्यावरही स्वदेशी बोट कंपनी निघाली होती. तिचे कागदावरचे नाव लांबलचक इंग्रजी होते. लोक मात्र तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. कंपनीला ‘माझी’ म्हणणारा उतारू आणि नुसते तिकीट काढणारा उतारू यांत फरक असतो. तुतिकोरिनचा उतारूही या पहिल्या जातीचा होता.

मग ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे उतरवले. कोलंबोचे तिकीट माणशी एक रुपया केले. स्वदेशी कंपनीने आठ आणे केले. म्हणजे दोन्ही कंपन्या आता तोट्यातच बोटी हाकीत होत्या. फरक एवढाच की एकीचा तोटा साऱ्या पूर्वेकडच्या समुद्रावर पसरलेल्या धंद्यातून भरून निघे आणि दुसरीचा तोटा पंचवीस रुपयांच्या भागांतून. इंग्रज कंपनी पुढे गेली. तिने उतारूंना फुकट नेण्यास सुरुवात केली, आणि वर प्रत्येकाला एक छत्री! हे मी कादंबरीतून सांगत नाही, श्रोतेहो. तिकीट फुकट आणि छत्री बक्षीस, असा तो लिलाव चालला होता.

किती जणांनी ती छत्री घेतली आणि किती जणांनी आठ आणे भरून स्वदेशी बोट धरली, हा माणसाच्या मनाचा इतिहास आहे. तो कंपनीच्या वह्यांत सापडायचा नाही. पण एक गोष्ट उघड आहे. बक्षिसाची छत्री हाती धरणाऱ्याला त्या दिवशी नफाच झाला. त्याने काही चूक केली असे हिशेबाने सिद्ध करता यायचे नाही. त्याच्या हिशेबात उद्याचे भाडे नव्हते इतकेच.

कंपनी मोडायला नुसत्या भाड्याने वेळ लागला असता. सरकारने तो वाचवला. फेब्रुवारी १९०८ मध्ये तुतिकोरिनच्या कोरल मिलमधल्या कामगारांनी संप केला, त्यात चिदंबरम पुढे होते. १२ मार्च १९०८ रोजी त्यांना पकडण्यात आले. दुसऱ्या दिवशी तिरुनेलवेलीत दंगा उसळला आणि गोळीबार झाला. ७ जुलै १९०८ रोजी न्यायाधीशाने राजद्रोहाबद्दल त्यांना जन्मठेप सुनावली, आणि एक नव्हे तर दोन. त्याच महिन्याच्या २२ तारखेला मुंबईत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, हे आपल्याला पाठ आहे. पहिले मात्र आपल्या शाळांत फारसे सांगितले जात नाही. पुढे अपिलात चिदंबरम यांची शिक्षा कमी झाली, पण तुरुंगात त्यांना बैलाच्या जागी तेलाच्या घाण्याला जुंपले. बाहेर त्यांची कंपनी पोरकी झाली. १९११ मध्ये तिचे दिवाळे निघून ती मोडीत निघाली आणि बोटी विकल्या गेल्या. ज्या गॅलियासाठी माणसाने जिवाची पैज लावली, ती गॅलिया ब्रिटिश इंडिया कंपनीनेच विकत घेतली. १९१२ च्या डिसेंबरात चिदंबरम सुटून आले तेव्हा बंदरात त्यांची एकही बोट नव्हती. आज त्या बंदराला त्यांचे नाव आहे.

या हकीकतीला पुढचे एक प्रकरण आहे, ते आपल्या सोलापूरच्या माणसाचे. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी मंडळींनी १९१९ साली सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून विलायतेला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जाता जाता सांगायला हरकत नाही, ही लॉयल्टी म्हणजे पूर्वीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. १८९३ साली जपानहून अमेरिकेकडे जाताना जमशेटजी टाटा आणि स्वामी विवेकानंद यांनी याच बोटीने प्रवास केला होता. पुढच्या चालीला जमशेटजींच्या लाइनचाच अनुभव पुन्हा आला. ब्रिटिश इंडियाने भाडी पाडली. जोडीला मागाहून मिळणारी सूट होतीच. किनाऱ्यावरचे व्यापारी तिच्यात अडकलेले होते, त्यांना सिंदियाच्या बोटीवर माल चढवायचे मन असले तरी अडकलेल्या पैशाकडे पाहावे लागे. पण या वेळी प्रतिस्पर्धी मोडला नाही. १९२३ साली इंग्रज कंपनीच्या लॉर्ड इंचकेप यांनी सिंदियाशी दहा वर्षांचा करार केला. त्यात सिंदियाला जगू दिले, पण बोटी किती असाव्यात, कोठे चालवाव्यात यावर बंधने घातली, उतारूंच्या वाहतुकीत शिरकाव दिला नाही.

म्हणून लढाई बंदरातून कायदेमंडळात गेली. साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले की हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी बोटींसाठी राखावी. मागाहून मिळणारी सूट कायद्याने बंद करावी, असेही विधेयक त्यांनी मांडले. त्या काळच्या सरकारकडून याला काय दाद मिळणार! गंमत अशी की खुद्द अमेरिकेने १९१६ सालच्या आपल्या जहाजवाहतुकीच्या कायद्यात ही सूट आधीच बंद केली होती. त्याच कलमात आणखी एक गोष्ट निषिद्ध ठरवली होती, ती म्हणजे ‘लढाऊ बोट’. प्रतिस्पर्ध्याची बोट ज्या दिवशी सुटते त्याच दिवशी, त्याच मार्गावर, मुद्दाम तोट्याच्या भाड्याने सोडलेली बोट. तुतिकोरिनचा फुकट प्रवास आणि ती छत्री यांना अमेरिकेच्या कायद्यात नाव मिळाले. आपल्याकडे ती लोकांच्या आठवणीत राहिली.

स्वातंत्र्य आले आणि १९५० मध्ये सरकारने किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय बोटींसाठी राखण्याचे धोरण ठरवले. २००२ सालच्या स्पर्धा कायद्याने तर हेही मान्य केले की बाजारावर पकड असलेल्या धंद्याने प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी खर्चाच्याही खाली भाव लावणे हा आपल्या बळाचा गैरवापर आहे. युरोपात जहाज कंपन्यांच्या जुटींना जी सवलत होती ती ऑक्टोबर २००८ पासून संपली.

आता पुन्हा त्या क्रूझच्या उतारूकडे पाहू. त्याला फरक परत मिळतो तो का? कंपनीला दया येते म्हणून नव्हे. रक्कम चुकती करण्याच्या तारखेपूर्वी बहुधा उतारूला आपली जागा सोडून देता येते. काही ठिकाणी इसारही परत मिळतो. म्हणजे कंपनीने फरक दिला नाही तर तो जुनी जागा सोडील आणि नव्या भाड्याने पुन्हा घेईल, नाही तर दुसऱ्या कंपनीकडे जाईल. उगाच कागद दोनदा काळे करण्यापेक्षा फरक दिलेला बरा. तारीख उलटली की त्याचे पैसे पुरे अडकले. मग तो जाणार कोठे? म्हणून तेव्हा रोख मिळत नाही, मिळतो तो बोटीवरच खर्च करायचा आकडा. १८७७ चा कलकत्त्याचा व्यापारी हे ऐकता तर त्याला ओळख पटली असती. त्याचाही पैसा असाच कंपनीच्या वहीत जमा असे. फरक एवढा की त्याला वर्षानुवर्षे सोडवणूक नव्हती, आणि क्रूझचा उतारू आठ-दहा दिवसांत बोटीवरून उतरून घरी जातो.

शिवाय या कंपन्यांच्या छापील अटींत आणखी काही बारीक अक्षरे असतात. उतरलेले भाडे ‘फक्त नव्या उतारूंसाठी’ असे लिहिले असेल तर जुन्याला ते मागता येत नाही. खोलीचा वर्ग आणि सुटण्याचा दिवस तोच असावा लागतो. तिकिटाबरोबर आधी काही भेट कबूल केली असेल, तर नवे भाडे घेताना ती सोडून द्यावी लागते. कधी कधी ती भेटच फरकापेक्षा मोठी असते. आणि परत मागता येणार नाही असे स्वस्त तिकीट घेतले असेल, तर अटी आणखी आवळलेल्या असतात. तेव्हा आपल्या गावचा कोणी पोरगा परदेशी नोकरीला असेल आणि आई-बापांना अशा सफरीला न्यायचे म्हणून पैसे भरीत असेल, तर त्याने रकमेचा आकडा पाहण्याआधी पावतीवरची चुकती करण्याची तारीख पाहावी. आणि त्या तारखेच्या आधी आठ दिवस भाडे पुन्हा एकदा विचारून घ्यावे.